स्वप्न कोणाला पडले?

श्रोतेहो, "मला भूक लागली", "मला स्वप्न पडलं", "मला वाटतं" ही आपली रोजची बोली. भूक माझी, स्वप्नही माझे. पण वाक्यात 'मी' नाही, 'मला' आहे. वर्गात "यातला कर्ता कोण?" असे विचारले की मुले घुटमळतात, आणि खरे सांगायचे तर गुरुजीही. ही मराठीचीच खोड, असे आपण समजतो. पण दूर युरोपच्या उत्तरेला डेन्मार्कातले लोकही एके काळी असेच बोलत. आज ते तसे बोलत नाहीत. हे कसे झाले, ते पाहू.

कोपनहेगन विद्यापीठाच्या संग्रहात इ. स. १३०० च्या सुमाराची एक पोथी आहे. आहे ती कायद्याची. पण तिच्या शेवटच्या पानावर एका गाण्याच्या दोन ओळी स्वरांच्या खुणांसह लिहिलेल्या आहेत. गाणे स्वप्नाचे आहे, आणि स्वप्न पाहणारा तिथे 'मी' नसून 'मिक', म्हणजे 'मला' आहे. गंमत अशी, की पुढे डेन्मार्कच्या नभोवाणीने हीच चाल आपली संकेतधून म्हणून वापरली. चाल राहिली, व्याकरण मात्र बदलले. आजचा डॅनिश माणूस "मी स्वप्न पाहिले" अशाच धर्तीवर बोलतो. "मला वाटते" या अर्थाचे जुने "माइ स्यूनस" जाऊन "याइ स्यूनस" आले. 'माइ' म्हणजे मला, 'याइ' म्हणजे मी.

असे का झाले? एक कारण विभक्तीचे. जुन्या डॅनिशमध्ये 'राजा' आणि 'राजाला' यांची रूपे वेगळी होती. मध्ययुगात नामांचे हे प्रत्यय झिजून गेले. मग वाक्याच्या आरंभी नुसते 'राजा' ऐकू आले, की ऐकणारा त्यालाच कर्ता समजू लागला. इंग्रजीतल्या अशाच बदलाची उकल डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी याच रीतीने केली होती.

पण एवढ्याने भागत नाही. 'याइ' आणि 'माइ' ही रूपे तर आजही वेगळी आहेत. तिथे घोटाळा व्हायचे कारणच नव्हते. तरी 'माइ' मागे हटले. मी जातो, मी खातो, मी देतो अशा हजारो वाक्यांची वहिवाट एकीकडे, आणि मूठभर क्रियापदे दुसरीकडे. मूठभरांनी शेवटी वहिवाटीची वाट धरली. शेजारच्या आइसलंडच्या भाषेत प्रत्यय टिकले, आणि तिथे स्वप्न आजही 'मला'च पडते.

आता मूळ प्रश्न. तो जुना 'मिक' खरा कर्ता होता, की पुढे येऊन बसलेले कर्म? आपण म्हणतो, "गणूला आपल्या घराची आठवण झाली." हे 'आपल्या' कोणाचे? गणूचेच. म्हणजे प्रत्यय 'ला' असला, तरी कर्त्याचा मान गणूकडे आहे. आइसलंडच्या भाषेतही अशा कसोट्या लावून पाहता येतात. जुन्या डॅनिशचे बोलणारे मात्र आता हयात नाहीत. उरली ती पाने. त्यांतला शब्दक्रमही आजच्यापेक्षा सैल, म्हणून शब्द आधी आला एवढ्यावरून तो कर्ता ठरत नाही. त्यामुळे पंडितांचा वाद चालूच आहे.

कोणी म्हणतात, 'मला' म्हणणारा माणूस दैवाधीन आणि 'मी' म्हणणारा स्वाधीन. ऐकायला छान, पण टिकणारे नाही. "मी स्वप्न पाहिले" म्हणणाऱ्या डॅनिश माणसालाही स्वप्न काही मागून मिळत नाही!

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या एखादे पोर "मला भूक लागली" या वाक्यापाशी अडले आणि "गुरुजी, यात कर्ता भूक की मी?" म्हणाले, तर त्याला रागावू नका. जिथे ते अडले, तिथेच मोठमोठे पंडितही अडलेले आहेत.