सांगत्ये ऐका
मराठी तमाशापट (१९५९). दिग्दर्शक अनंत माने. पटकथा व्यंकटेश माडगूळकर, गीते ग. दि. माडगूळकर व संगीत वसंत पवार यांचे. प्रमुख भूमिकांत जयश्री गडकर व हंसा वाडकर. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला.

‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) च्या यशानंतर तमाशापटांची लाट आली. पाटील, फड, लावणी आणि अबलेवरील अत्याचार या ठरावीक सामग्रीमुळे हे चित्रपट गल्लाभरू म्हणून हिणवले गेले. ते बहुतांशी रास्तही होते. प्रस्तुत चित्रपटातही ही सर्व सामग्री आहे; मात्र तिची योजना निराळी आहे. पाटलाच्या दुष्कृत्याची दडपलेली हकीकत अखेर तमाशाच्या बोर्डावरूनच गावासमोर येते. वगाचे रूपांतर साक्षीत होते आणि रंजनासाठी जमलेला श्रोतृवर्ग नकळत पंचांच्या जागी बसतो. शीर्षकातील स्त्रीलिंगी क्रियापद या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. माडगूळकर बंधूंना माणदेशी बोलीची जाण जन्मतः असल्याने संवादांना ग्रामीणतेचा मुलामा द्यावा लागलेला नाही. आशा भोसले यांनी गायिलेली ‘बुगडी माझी सांडली गं’ ही लावणी चित्रपटाबाहेरही लोकप्रिय झाली. काही प्रसंग भडक आहेत, योगायोगही फार.

पुढील अनुकरणांनी लावणी व पाटील तेवढे उचलले. कथनाची चौकट सोडून दिली. हंसा वाडकर यांनी आपल्या आत्मकथनास हेच शीर्षक दिले. त्यावर श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट आधारलेला आहे.