बल्लारपूर
चंद्रपूर जिल्ह्यातील औद्योगिक शहर. ते चंद्रपूरच्या दक्षिणेस सुमारे १५ किमी., वर्धा नदीच्या डाव्या तीरावर वसले आहे. गोंड राजांनी सिरपूरहून येथे राजधानी आणून नदीकाठी दगडी किल्ला बांधला. परंपरेनुसार खांडक्या बल्लाळशाहाने पुढे चांदा (चंद्रपूर) वसविले; राजधानी तिकडे गेल्यावर गावाचे महत्त्व ओसरले. किल्ल्याची तटबंदी व दरवाजे अवशिष्ट आहेत. आतील इमारती मात्र ढासळल्या. काझीपेठ लोहमार्ग १९२९ च्या सुमारास पूर्ण होऊन येथील स्थानक दिल्ली-मद्रास मार्गावर आले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कागद गिरणीस परिसरातील जंगलांचा बांबू मिळाला. परिणामी वस्तीचे केंद्र किल्ल्याकडून स्थानक व गिरणीकडे सरकले. राजाच्या नावाची स्मृती मात्र ‘बल्लारशाह’ या स्थानकनामात टिकून आहे.