किरणोत्सर्गाचे मानवी आरोग्यावरील परिणाम

अणूमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा असलेल्या प्रारणाला आयनीकारक प्रारण म्हणतात. क्ष-किरण, गॅमा किरण, तसेच किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे आल्फा व बीटा कण ही त्याची परिचित रूपे होत. शरीरातून जाताना हे प्रारण पेशीतील डीएनएचे धागे थेट तोडते किंवा पाण्याच्या रेणूंचे विघटन करून मुक्त मूलके, म्हणजे अतिक्रियाशील रेणुखंड, निर्माण करते व त्यांच्यामार्फत तीच हानी घडवते. यातील बरीचशी मोडतोड पेशी स्वतःच दुरुस्त करते. परंतु दुरुस्ती झाली नाही तर पेशी मरते आणि सदोष झाली तर तो दोष घेऊन ती जगते व विभागत राहते. पहिल्या प्रकारातून काही तासांत ते आठवड्यांत दिसणारी इजा उद्भवते, तर दुसऱ्यातून अनेक वर्षांनी होणारा कर्करोग.

ऊतकाच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये शोषल्या गेलेल्या १ ज्यूल ऊर्जेला १ ग्रे म्हणतात. प्रारणाचा प्रकार व अवयवाची संवेदनशीलता लक्षात घेऊन काढलेली मात्रा सीव्हर्टमध्ये देतात. खडक, अवकाश, अन्न आणि हवेतील रेडॉन वायू यांतून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतच असते.

संपूर्ण शरीराला अल्पावधीत सुमारे १ ग्रेपेक्षा अधिक मात्रा मिळाल्यास तीव्र प्रारण-विकार होतो. आरंभी मळमळ व उलट्या होतात. त्यानंतर रुग्णाला बरे वाटू लागते. हा काळ फसवा असतो, कारण याच दिवसांत अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावत जाऊन पुढे जंतुसंसर्ग व रक्तस्राव ओढवतो. उपचार न झाल्यास सुमारे ४ ग्रे मात्रेने निम्मे रुग्ण दगावतात. १० ग्रेच्या वर आतड्याचे अस्तरच नष्ट होते. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेत १३४ कर्मचारी व अग्निशामकांना हा विकार जडला आणि त्यांपैकी २८ जण पहिल्या काही महिन्यांत मरण पावले.

बाहेरून किरणे लागणे आणि किरणोत्सर्गी पदार्थ अंगावर किंवा पोटात जाणे यांतील भेद फार महत्त्वाचा आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले तेव्हा धातूच्या तुकड्यांजवळ वावरलेल्यांना बाहेरून मात्रा मिळाली व एकाचा मृत्यू झाला. याउलट ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये बंद पडलेल्या उपचारकेंद्रातून नेलेल्या यंत्रातील सीझियम-१३७ ची निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कौतुकाने हाताळली, अंगाला चोळली आणि ती जेवणातूनही पोटात गेली. चार जण दगावले. शरीरातील सीझियम बाहेर काढण्यासाठी तेथे प्रशियन ब्लू हे औषध वापरले गेले. ज्याला केवळ बाहेरून क्ष-किरण वा गॅमा किरण लागले आहेत असा रुग्ण स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, त्यामुळे त्याच्या शुश्रूषेस कचरणे हे शास्त्राला धरून नाही आणि रुग्णावर अन्यायकारकही आहे.

दीर्घकालीन परिणामांचे ज्ञान मुख्यतः हिरोशिमा व नागासाकी येथील बाँबहल्ल्यातून वाचलेल्यांच्या, १९५० पासून चालू असलेल्या पाहणीतून मिळाले आहे. त्यांच्यात रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच वाढला, तर स्तन, फुप्फुस, जठर इत्यादींचे कर्करोग अनेक दशकांनंतर. मात्रा वाढेल तशी शक्यता वाढते. मात्र सुमारे १०० मिलिसीव्हर्टच्या खाली ही वाढ इतर कारणांपासून वेगळी काढणे कठीण असते, म्हणून अल्प मात्रेतही थोडा धोका आहे असे गृहीत धरून नियम केले जातात. लहान मुले अधिक संवेदनशील असतात. चेर्नोबिलनंतर दुधातून आलेले आयोडीन-१३१ मुलांच्या अवटू ग्रंथीत साठून तिच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले. वेळेवर दिलेल्या साध्या आयोडीनच्या गोळ्या आणि दुधावरील बंदी यांनी ही हानी बरीच टळू शकली असती. गर्भावस्थेच्या ८ ते १५ आठवड्यांत मोठी मात्रा मिळाल्यास बाळाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. बाँबहल्ल्यानंतर गर्भधारणा होऊन जन्मलेल्या वाचलेल्यांच्या मुलांत मात्र आनुवंशिक दोष वाढल्याचे आढळलेले नाही, तरीही याच भीतीपोटी त्या कुटुंबांना विवाहसंबंधांत दीर्घकाळ भेदभाव सोसावा लागला.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रारणाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट, तर सामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा ठरवली आहे. निदान व उपचारासाठी रुग्णाला दिल्या जाणाऱ्या मात्रेला ही मर्यादा लागू नसते. तेथे तपासणी खरोखर आवश्यक आहे की नाही, याचा निर्णय वैद्यकावर असतो.