मराठी मजकूर बिघडणे (संगणक व मोबाइल)

मराठी मजकूर बिघडणे : संगणकावर किंवा मोबाइलवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हे, रोमन अक्षरांची खिचडी किंवा तुटकी जोडाक्षरे दिसणे. बोलताना ‘फॉन्ट उडाला’, ‘अक्षरं फुटली’, ‘डबे आले’ असे म्हणतात. या तक्रारीत बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो, बिघाड तो दाखवण्यात असतो. बिघाडाच्या रूपावरून तो कुठे आहे हे जवळजवळ नक्की सांगता येते. म्हणून पडद्यावर नेमके काय उमटले आहे ते शांतपणे बघणे ही पहिली पायरी. फाइल विचित्र दिसताच घाईने ‘सेव्ह’ करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे; दुरुस्त होण्याजोगा मजकूर त्या एका क्लिकने कायमचा जाऊ शकतो. आधी फाइलची प्रत काढावी आणि जे काही करायचे ते प्रतीवर करावे.

पार्श्वभूमी : संगणक अक्षराऐवजी त्याचा क्रमांक साठवतो, क्रमांकाला आकार देण्याचे काम फॉन्टचे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली तयार झाली आणि तिचे १९९१ चे रूप आयएस १३१९४ या क्रमांकाचे भारतीय मानक ठरले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र तिच्यावर चाले. त्याच १९९१ मध्ये जगातल्या लिप्यांसाठीच्या ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. विंडोजमध्ये मात्र देवनागरी युनिकोड आले ते ‘विंडोज २०००’ या आवृत्तीबरोबर, ‘मंगल’ या फॉन्टसह. मधल्या काळात वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका थांबणार नव्हत्या. डीटीपीवाल्यांनी आपापली वाट काढली, आणि आजच्या कितीतरी अडचणी त्या वाटेवरच भेटतात.

रोमन अक्षरांची खिचडी : कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच असतो. फॉन्ट त्यावर मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी आणि लहान एच अशा पाच रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि ती पाच अक्षरे उघडी पडतात. व्हायरस शिरला असे समजून अशा फायली पुसून टाकणारी माणसे प्रस्तुत नोंदकाराने पाहिली आहेत. एका कुटुंबाने आजोबांनी टाइप करून घेतलेला गावाचा इतिहास असाच टाकून द्यायला काढला होता. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवून वरच्या फॉन्टच्या चौकटीत पाहिले, तर तिथे ‘कृतिदेव ०१०’ हे नाव स्वच्छ लिहिलेले होते. तो फॉन्ट बसवताच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर न् अक्षर जागेवर आले.

ही युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. फॉन्ट संगणकात नसला तरी वर्ड त्याचे नाव सहसा दाखवते. नाव कळले की दोन मार्ग असतात. फाइल नुसती वाचायची किंवा छापायची असेल तर तो फॉन्ट मिळवून बसवावा. मजकूर पुढे वापरायचा असेल तर कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणावा. कन्व्हर्टर त्याच फॉन्ट-घराण्याचा हवा, कारण प्रत्येक घराण्याने तुकडे वेगळ्या जागांवर बसवले आहेत. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमधून काढला तर बाहेर येते ते कोणत्याच भाषेचे नसते.

कन्व्हर्टरवर पूर्ण विसंबू नये. जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने टाइप केली जात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना कृतिदेवमध्ये आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत म नंतर येई, युनिकोडमध्ये म च्या आधी पाय मोडलेला र येतो. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि लांबलचक जोडाक्षर आले की तो चुकतो. त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन करताना पहिली वेलांटी आणि रफार यांवर डोळा ठेवावा. मजकुरात खरोखरीची इंग्रजी नावे किंवा ईमेल पत्ते असतील तर तेही देवनागरी होऊन विद्रूप होतात. ते मूळ प्रतीवरून पुन्हा भरावे लागतात.

चौकोन : अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर क्रमांक बरोबर आहे, तो आकार फॉन्टमध्ये नाही. टंककारांच्या जगात या चौकोनांना ‘टोफू’ म्हणतात आणि ‘नोटो’ या मोफत फॉन्टमालेचे नाव ‘नो टोफू’वरून आले आहे. उपाय सोपा : मजकूर निवडून त्याला निर्मला यूआय, मंगल, नोटो, मुक्ता किंवा लोहित यांपैकी देवनागरी असलेला फॉन्ट लावावा. विंडोज १० पासून ‘मंगल’ आपोआप येतोच असे नाही. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्यावे लागतात, किंवा मराठी भाषा जोडावी लागते. फोनवर हौसेने बसवलेली नक्षीदार थीम काढून मूळ फॉन्टवर परत गेले की बहुधा काम होते.

विचित्र खुणांची रांग : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला लागून चलनाची गोल खूण किंवा येनची खूण, अशी जोडी ओळीभर पुन्हा पुन्हा दिसली तर मजकूर यूटीएफ-८ पद्धतीत साठवलेला आहे आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमने त्याला पश्चिम युरोपीय समजले आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाचे पंधरा बाइट होतात आणि तेवढ्याच खुणा रांगेत उभ्या राहतात. मतदारयाद्या, विद्यार्थ्यांची नावे, सभासदांची यादी अशा सीएसव्ही फायली एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडल्या की हा प्रकार हमखास होतो. फाइल सेव्ह न करता बंद करावी. रिकामे एक्सेल उघडून ‘डेटा’ या टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावे आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ हा पर्याय घ्यावा. नावे जशीच्या तशी येतात.

प्रश्नचिन्हे : या नोंदीतले एकच लक्षण खऱ्या नुकसानीचे आहे. देवनागरी मजकूर ‘एएनएसआय’ या युनिकोडपूर्व पद्धतीत सेव्ह केला की ज्या चिन्हांना तिथे जागा नाही त्यांच्याऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. ‘मराठी’ची पाच प्रश्नचिन्हे होतात आणि मूळ क्रमांक फाइलमध्ये उरतच नाही. फॉन्ट बदलून, कन्व्हर्टर लावून, कुणाला पैसे देऊन ते परत येत नाही. जुनी प्रत, पाठवलेला ईमेल किंवा छापील कागद हाच आधार. जुने नोटपॅड अशा वेळी इशारा देत असे, पण तो न वाचता ‘ओके’ दाबणे सर्वांच्या हाडीमाशी भिनलेले. विंडोज १० च्या २०१९ सालच्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करते. ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव बरोबर भरले आणि पावतीवर प्रश्नचिन्हे आली, तर दोष पलीकडच्या डेटाबेसात आहे. अर्जदाराने कितीही वेळा टाइप केले तरी फरक पडणार नाही.

तुटलेली जोडाक्षरे, टिंबांचे वर्तुळ : ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे पडणे, ‘क्त’ऐवजी पाय मोडका क आणि सुटा त दिसणे, ही अक्षरजुळणी करणारा भाग बंद किंवा जुना असल्याची खूण. विंडोज एक्सपीमध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण स्वतः करावी लागे, अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही देवनागरी नीट जुळत नसे. आता ही तक्रार मुख्यतः मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उरली आहे. इन-डिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावला की जोडाक्षरे जुळतात. पत्रिका करणाऱ्या कितीतरी जणांना हा पर्याय ठाऊक नसतो आणि ते केवळ या कारणाने जुन्या फॉन्टांकडे परततात. मात्रेजवळ टिंबांचे वर्तुळ दिसले तर ती टंकलेखनातली चूक : मात्रा अक्षराविना पडली आहे किंवा दोनदा दाबली गेली आहे. बॅकस्पेसने मागे जाऊन ते अक्षर पुन्हा लिहावे.

ऱ्य आणि ॲ : ही दोन दुखणी मराठीची स्वतःची आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा; ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांत सगळ्या समारंभाचा फरक आहे. युनिकोडमध्ये रफार साध्या र पासून होतो आणि ‘ऱ्य’मधला आडवा र ०९३१ या क्रमांकाच्या ऱ पासून. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग य ची कळ म्हणजे स्लॅश दाबले की ‘ऱ्य’ उमटते. अनेक फोन कळफलकांवर र दाबून धरला की ऱ मिळतो. हे माहीत नसल्याने ‘दुस-या’, ‘शेतक-यांना’ असे मध्ये आडवी रेघ घालून लिहिण्याची वाईट सवय महाजालावर पसरली. डोळ्याला ते चालून जाते, पण ‘शेतकऱ्यांना’ शोधणाऱ्याला तो लेख सापडत नाही आणि वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्या रेघेवर अडखळते. अशा मजकुरात ‘-य’ शोधून ‘ऱ्य’ आणि ‘-ह’ शोधून ‘ऱ्ह’ घालावे. बदल एकेक तपासून करावा, कारण काही रेघा खऱ्या असतात.

‘ॲ’ला युनिकोडमध्ये ०९७२ ही स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधी आणि अजूनही कित्येक जण अ वर चंद्र चढवून तेच रूप साधतात. दोन्ही दिसायला सारखी, संगणकाला वेगळी. यादीत ‘ॲडव्होकेट’ शोधून निम्मीच नावे येत असतील तर दुसऱ्या पद्धतीनेही शोधावे. मात्र पाकळीचा ल किंवा देठाचा श न दिसता हिंदी वळणाची अक्षरे दिसणे हा बिघाड समजू नये. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळण निश्चित केले आहे, पण क्रमांक दोन्हींचा एकच. मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवली तर ज्या फॉन्टांत सोय आहे ते आपोआप मराठी रूप दाखवतात.

मोबाइल : मराठी एसएमएस अचानक दोन-तीन तुकड्यांत जातो यामागे साधे गणित आहे. एका संदेशात १,१२० बिट मावतात. रोमन चिन्हाला सात बिट लागतात म्हणून १६० चिन्हे, देवनागरीला सोळा म्हणून ७०. त्यात चार अक्षरी ‘नमस्कार’मध्ये मोडका पाय आणि काना धरून सात चिन्हे मोजली जातात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतल्या एका ‘ज्ञा’ने आयफोनवरची संदेशांची ॲप कोसळू लागली होती, ॲपलने आयओएस ११.२.६ काढून ते दुरुस्त केले. भारतीय जोडाक्षर जुळवणे यंत्राला किती जिकिरीचे असते याचे हे मोठे उदाहरण. म्हणूनच फोनची अद्ययावत आवृत्ती टाळू नये.

पीडीएफ : पडद्यावर सुंदर दिसणाऱ्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करावा आणि हाती चुरा यावा, हा शासकीय परिपत्रके वाचणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. पीडीएफमध्ये आकार असतात. ते कोणत्या क्रमांकाचे याचा नकाशा अपुरा असेल किंवा मूळ फॉन्ट जुना असेल तर कॉपी बिघडते. अशा वेळी पान हे चित्र समजून त्यातली अक्षरे ओळखणारे ओसीआर वापरावे. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती ‘डॉक्स’मध्ये उघडणे हा घरगुती उपाय, मोफत ‘टेसरॅक्ट’मध्येही मराठीची सोय आहे.

जतन : जुन्या फॉन्टांतली कितीतरी मराठी पुस्तके, अंक, संशोधने आज सीडी आणि पेन ड्राइव्हवर पडून आहेत. ती ज्या प्रोग्रॅमांत केली ते नव्या संगणकांवर चालेनासे होत आहेत. ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांनी तीन गोष्टी आजच कराव्यात : मूळ फाइल न बदलता ठेवावी, तिची पीडीएफ आणि युनिकोड प्रत काढावी, आणि वापरलेल्या फॉन्टची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून फॉन्टचे नाव फाइलच्या नावात लिहावे.