स्त्रियांचें क्रिकेट आणि मुख्य प्रशिक्षकाचें पद

दादरच्या शिवाजी पार्कावर गुरुपरंपरा मोजण्याची रीत जुनी आहे. अमका कोणाचा शिष्य, हा प्रश्न तेथें धावांच्याही आधीं विचारला जातो. आणि रमाकांत आचरेकर यांचें नांव निघालें म्हणजे पुढें कांहीं विचारावयाचें उरत नाहीं. या परंपरेंत गुरु म्हणून स्त्रीचें नांव मात्र सहसा निघत नाहीं. स्त्रियांना क्रिकेट येत नव्हतें हें त्याचें कारण नव्हे. खरें कारण निराळें आहे.

भारतीय महिला क्रिकेट संघटना 1973 सालीं स्थापन झाली, व त्याच वर्षीं एप्रिलमध्यें पुण्यास पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या सुरुवातीच्या काळांत मुंबईस आलू बामजी यांनीं आल्बीज नांवाचा स्त्रियांचा संघ उभा केला. कुलाब्याच्या बधवार पार्क या रेल्वे-वसाहतींत मुलांबरोबर टेनिसच्या चेंडूनें खेळत वाढलेल्या डायाना एडलजी पुढें भारताच्या कर्णधार झाल्या, आणि रेल्वेंत स्त्री-खेळाडूंस नोकऱ्या मिळाव्या म्हणून त्यांनीं खटपट केली. पैसा नाहीं, आगगाडींत राखीव जागा मिळेलच असें नाहीं, निजावयास वसतिगृहाची जमीन! अशा खेळाचें प्रशिक्षकपद मिळविण्यासाठीं झुंबड उडाली नाहीं, यांत नवल तें काय? सुधा शाह, अंजू जैन, पूर्णिमा राव अशा माजी खेळाडूंनीं भारतीय संघास शिकविलें. 2006 सालीं हा खेळ क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखालीं आला, तरी हा क्रम लगेच मोडला नाहीं.

तो मोडला 2017 सालीं. पूर्णिमा राव यांच्या हाताखालीं संघानें 2016 च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियांत जाऊन वीस षटकांची मालिका जिंकली होती, आणि 2017 च्या फेब्रुवारींत विश्वचषकाची पात्रता-स्पर्धाही जिंकली होती. एप्रिलमध्यें त्यांना दूर करून तुषार अरोठे यांस नेमण्यांत आलें. 23 जुलैला लॉर्ड्सवरील अंतिम सामना भारत 9 धावांनीं हरला, हें श्रोत्यांना आठवत असेलच. पण त्या एका सामन्यानें स्त्री-क्रिकेटला घरोघर प्रेक्षक मिळाले. पेरणी एकीनें करावी आणि खळ्यावर दुसऱ्यानें बसावें, तसें झालें. अरोठे यांच्यामागून रमेश पवार, मग डब्ल्यू. व्ही. रमण, मग पुनः पवार!

क्रिकेट हा पैशाचा खेळ, असें म्हणून सोडून द्यावें, तर लालबाग-परळच्या गिरणगांवांत मंडळामंडळांतून वाढलेल्या कबड्डींतही तेंच आढळतें. नाशिकच्या शैलजा जैन यांनीं कित्येक वर्षें मुली तयार केल्या. भारतीय संघाची धुरा आपल्याकडे यावी, ही त्यांची इच्छा पुरी झाली नाहीं. इराणनें बोलाविलें तेव्हां त्या तेथें गेल्या, फारसी शिकल्या, खेळाडूंकडून योगासनें व प्राणायाम करवून घेतला. 24 ऑगस्ट 2018 रोजीं जकार्ता येथें आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत इराणनें भारतास 27-24 असें हरविलें. स्त्रियांची कबड्डी त्या स्पर्धेंत 2010 सालीं आली. तेव्हांपासून भारताचें सुवर्णपदक हुकलें तें हें पहिल्यानें.

कोणी म्हणेल, नेमणूक करतांना अनुभव पाहावाच लागतो. अवश्य पाहावा. परंतु तो मिळावा कोठें? पुरुष प्रशिक्षकास रणजीचा संघ मिळतो, आणि त्या अनुभवावर तो स्त्रियांच्या संघासही चालतो. रणजी संघाची मुख्य प्रशिक्षक कोणी स्त्री झाल्याचें ऐकिवांत नाहीं. तिच्यासाठीं उरतो तो स्त्रियांचाच संघ, आणि तेथेंही तिला बहुधा दुसरी खुर्ची. 2023 सालीं विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली. पांच संघांच्या मुख्य प्रशिक्षकांत दोन स्त्रिया होत्या. एक इंग्लंडची, एक ऑस्ट्रेलियाची. चर्चगेटजवळच्या ब्रेबॉर्न मैदानावर 26 मार्च रोजीं चषक जिंकणाऱ्या मुंबईच्या संघास शार्लट एडवर्ड्स यांनीं शिकविलें होतें. झूलन गोस्वामी व देविका पळशीकर त्यांच्या साहाय्यक होत्या.

त्याच वर्षीं जानेवारींत नूशीन अल खदीर यांच्या मार्गदर्शनाखालीं एकोणीस वर्षांखालील मुलींनीं विश्वचषक आणला होता. जुलैंतील बांगलादेशच्या दौऱ्यापुरतें वरिष्ठ संघाचें मुख्य पद त्यांच्याकडे हंगामी म्हणून आलें. ऑक्टोबरमध्यें निवड झाली ती अमोल मुझुमदार यांची. विशेष हें कीं, निवडणाऱ्या तिघांत मुंबईच्या माजी यष्टिरक्षक सुलक्षणा नाईक होत्या. 35 हून अधिक अर्जांतून पवार यांस 2021 सालीं निवडणाऱ्या समितींतही त्या होत्याच. स्त्री परीक्षक चालते; तेवढें धैर्य मंडळानें दाखविलें म्हणावयाचें!

मुझुमदार यांच्या योग्यतेविषयीं वाद नाहीं. ते आचरेकरांचे शिष्य. 1988 सालीं तेंडुलकर-कांबळी यांची 664 धावांची भागी चालली असतां ते पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. पुढें प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा करूनही भारताच्या संघांत त्यांना जागा मिळाली नाहीं. डावललें जाणें म्हणजे काय, हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें.

2 फेब्रुवारी 2025 रोजीं नूशीन यांच्या मुलींनीं तो चषक दुसऱ्यांदा जिंकला. 2 नोव्हेंबरला नव्या मुंबईंत मुझुमदार यांच्या संघानें दक्षिण आफ्रिकेस 52 धावांनीं हरवून वरिष्ठांचा विश्वचषक जिंकला. त्या रात्रीं खेळाडूंनीं चषक नेऊन मिताली राज व झूलन गोस्वामी यांच्या हातीं दिला. संघाबरोबर मुझुमदार, गोलंदाजी शिकविणारे आविष्कार साळवी व क्षेत्ररक्षण शिकविणारे मुनीश बाली असे तीन प्रशिक्षक होते.