स्क्रीन रीडर आणि मराठी मजकूर

स्क्रीन रीडर : संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर, बटणे, तक्ते व सूचना आवाजात वाचून दाखवणारी किंवा ब्रेल पट्टीवर उमटवणारी आज्ञावली. अंध आणि अल्पदृष्टी व्यक्ती माऊसऐवजी कळफलकाने, मोबाइलवर बोटांच्या ठरावीक हालचालींनी तिचा वापर करतात. वाचला जाणारा शब्द ठळक करून सोबत ऐकवणारी साधने याच कुळातली असून डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना ती उपयोगी पडतात. मराठीत अशी साधने तोकडी पडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आज मुख्य अडचण आज्ञावलीत नसून तिच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या मराठी दस्तऐवजांत आहे.

पुणे–सोलापूर महामार्गावरील वरवंड (ता. दौंड) हे गाव विचारात घेतले तर हा फरक स्पष्ट होतो. शेजारच्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच अंध स्त्रियांना ब्रेल शिकवली जात होती. स्पर्शाने वाचणे या परिसराला नवे नाही; परंतु ब्रेल पुस्तक जाडजूड, छापायला खर्चिक आणि म्हणून मोजकेच राहिले. संगणकाने ही मर्यादा ओलांडली, तरी सुरुवातीला पैशांची अट होतीच. 1989 मध्ये डॉससाठी आलेला ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये ‘एनव्हीडीए’ या स्क्रीन रीडरचे काम सुरू केले, जेम्स टेह हा त्याचा अंध सहकारी लवकरच त्यात सामील झाला. ही आज्ञावली विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. ‘ईस्पीक’ या तिच्या आवाजयंत्रणेत मराठी आहे, अँड्रॉइड फोनवरचा ‘टॉकबॅक’ हा स्क्रीन रीडरही मराठी आवाज वापरू शकतो. म्हणजे वरवंडमधल्या जुन्या संगणकावरही आज हे साधन एक रुपयाही न देता बसते.

मग अडते कुठे? मराठी संगणकावर आली ती टंकांच्या वाटेने. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतील जुन्या टंकांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले. कागदावर छापायचे असेल तर त्यात काही बिघडत नव्हते, आणि त्या काळी उद्देशही छपाईचाच होता. पण अशा फाइलीत डोळ्यांना ‘ग्रामसभा’ दिसत असताना आत मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते, आणि स्क्रीन रीडर ती रांगच वाचतो. 1991 पासून युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक दिला. तरी जुना मजकूर आपोआप सुधारत नाही. ऱ्हस्व वेलांटी हे साधे उदाहरण घ्या : जुन्या टंकांत ती दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर. रफाराचीही अशीच उलथापालथ होते. प्रत्येक टंकाचा नकाशा वेगळा असल्याने एकाचे रूपांतर दुसऱ्याला लागू पडत नाही. याहून दुर्लक्षित दोष पीडीएफचा आहे. युनिकोडमध्ये टंकलेली फाइलही पीडीएफ करताना अनेकदा फक्त जोडाक्षरांचे आकार जपते, अक्षरांशी त्यांचा संबंध तुटतो आणि ऐकताना शब्द मोडके निघतात. आणि सूचना छापून, सही-शिक्का मारून, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकली, तर आज्ञावलीच्या लेखी ते निव्वळ चित्र असते.

मराठी आवाज यांत्रिक असतात, हा आक्षेप रास्त आहे. ‘चमचा’तला आणि ‘चार’मधला च वेगळा आहे हे यंत्राला नेहमी कळत नाही. हिंदी आवाज लावला तर देवनागरीतला 59 ‘उनसठ’ म्हणून ऐकू येतो. हे दोष दूर झालेच पाहिजेत. पण सरावलेला कान अशा उच्चारांतूनही अर्थ पकडतो. आत मजकूरच नसेल तर कितीही गोड आवाज निरुपयोगी ठरतो.

चित्रातली अक्षरे ओळखणारी यंत्रणा हा प्रश्न सोडवील, असे दुसरे म्हणणे आहे. ‘टेसेरॅक्ट’सारखी मुक्त आज्ञावली मराठी ओळखते, स्वच्छ छापील पानावर चांगले कामही करते. परंतु सातबाऱ्यासारख्या तक्त्यात शिक्का अक्षरांवर पडला आणि गट क्रमांकातला किंवा हेक्टर-आरमधला एक अंक चुकला, तर ती चूक ऐकणाऱ्याला पकडता येत नाही. जिथे चूक सर्वांत महाग पडते तिथेच हा उपाय सर्वांत कच्चा आहे.

घरातले कोणीतरी वाचून दाखवतेच, हा तिसरा युक्तिवाद आपुलकीचा वाटतो, पण तो टिकत नाही. वाचून दाखवणारा काय वाचायचे आणि काय गाळायचे हेही ठरवतो. जमिनीचा वाद पुष्कळदा घरातच असतो. बँकेचे पत्र, न्यायालयाची नोटीस, तपासणीचा अहवाल हे ज्याचे त्याने आधी वाचायचे कागद आहेत.

कायदा या बाजूने आहे. 2012 च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात सुलभ प्रतींना वाट मिळाली, 2014 मध्ये अंधांसाठी सुलभ प्रती खुल्या करणारा माराकेश करार मंजूर करणारा भारत पहिला देश ठरला आणि 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय हे सुलभ पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला आणि माध्यमांतील मजकूर सुलभ स्वरूपात असावा यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी शासनावर टाकली. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था आणि प्रकाशक यांनी करायचे ते थोडे आहे : मजकूर युनिकोडमध्ये टंकावा आणि सहीच्या प्रतीसोबत मूळ फाइलही द्यावी. त्यासाठी वेगळी खरेदी लागत नाही. ती फाइल टंकणाऱ्याच्या संगणकात आधीच असते.