नायट्रसचा उपेक्षित जोडीदार: इंधनाच्या सोलेनॉइडची गोष्ट

मोटारीच्या नायट्रस यंत्रणेवर तत्त्वज्ञानाचा माणूस काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण आमची या वायूशी ओळख जुनी आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये हेगेलवर टीका करताना नायट्रस ऑक्साइड हुंगल्याचा स्वतःचा अनुभव नोंदवला होता. नशेत जे अंतिम सत्य वाटलं, ते शुद्धीवर आल्यावर कागदावर निरर्थक दिसलं. आज मात्र आम्हाला वायूपेक्षा त्याच्या शेजारी बसणाऱ्या एका छोट्या व्हॉल्व्हबद्दल बोलायचं आहे. आमचं म्हणणं असं, की वायूची कीर्ती झाली, पण काम तडीला जाणार की घात होणार हे बहुधा त्याच्या पुरवठ्याने ठरवलं.

जोसेफ प्रीस्टली यांनी हा वायू १७७२ मध्ये तयार केला. १७९९ मध्ये ब्रिस्टलला तरुण हम्फ्री डेव्ही तो स्वतः हुंगू लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पुस्तकात लिहिलं, की शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला तो उपयोगी पडेल. तरी पुढची चार दशकं तो मुख्यतः करमणुकीचा वायू राहिला. १८४४ मध्ये हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी तो हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. मात्र १८४५ मध्ये बोस्टनच्या जाहीर प्रयोगात रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची छी थू झाली. वायूची पिशवी लवकर बाजूला घेतली गेली, असं त्याचं कारण सांगतात. म्हणजे वायू तोच होता, पुरवठा कमी पडला.

आता इंजिनाकडे येऊ. वजनाने पाहिलं तर हवेत ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये तो ३६ टक्के. सिलिंडरच्या उष्णतेत हा वायू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि जास्त इंधन जाळता येतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ नावाच्या यंत्रणेतून हाच वायू विमानांच्या इंजिनात सोडला, कारण फार उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद घटते. युद्धानंतर ही युक्ती अमेरिकेच्या शर्यतींत उतरली. १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीआधी ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या पात्रता फेरीच्या वेळा नायट्रसच्या आरोपावरून बाद झाल्या, ही गोष्ट तिकडे आजही सांगितली जाते. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात माइक थर्मॉस आणि डेल वाझनायन यांनी ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी काढली आणि पुढे तयार संच सामान्य हौशी माणसाच्या हाती आले.

या सगळ्या कथेत नायक कोण? निळी बाटली. इंधनाच्या सोलेनॉइडचं नाव कुणी घेत नाही. पण लोहाराचा भाता आठवा. कोळसा कमी आणि वारा फार झाला, तर लोखंड तापण्याऐवजी जळायला लागतं. इंजिनात तेच होतं. नायट्रस आला आणि त्याच्या प्रमाणात पेट्रोल आलं नाही, तर मिश्रण लीन होतं, स्फोटासारखं अवेळी ज्वलन होतं आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून ‘वेट’ म्हणतात त्या पद्धतीत दोन सोलेनॉइड असतात, एक वायूचा, एक पेट्रोलचा, आणि दोन्ही एकाच बटणावर उघडतात. मात्र दोघांची स्थिती सारखी नसते. बाटलीतला दाब ९०० पीएसआयच्या आसपास, तर कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब जेमतेम ५ ते ७. एवढ्या दाबाचा वायू वाट काढतोच. बिचारं पेट्रोल कचऱ्याच्या एका कणानेही अडतं.

सोलेनॉइड हा शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ आंपेअर यांनी ग्रीकमधल्या ‘नळी’ या अर्थाच्या शब्दावरून घडवला. तारेच्या गुंडाळीतून वीज गेली की ती चुंबक होते, आतला लोखंडी प्लंजर वर खेचला जातो आणि वाट उघडते. वीज बंद झाली की स्प्रिंग त्याला खाली दाबते, टोकाचं रबरी सील बसतं आणि वाट मिटते. एवढंच यंत्र. पण पेट्रोल महिनोन्‌महिने आत राहिलं तर उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं, प्लंजर अडखळतो. अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलने न मानवणारं रबर फुगतं. फुगलेलं सील वाट अरुंद करतं. चिरलेलं सील बटण बंद असतानाही गळतं, आणि इंजिनात साठलेलं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

म्हणून देखभाल. इंजिन गार होऊ द्यावं, बाटली बंद करून नळीतला दाब सोडावा, बॅटरीची तार काढावी, पेट्रोलचा दाबही उतरवावा. मग गुंडाळी काढून प्लंजर बाहेर घ्यावा. सीलवर बैठकीचा हलका गोल ठसा असणं स्वाभाविक आहे. तो खोल गेला असेल, सील फुगलं किंवा चिरलं असेल, तर बदलावं. आत येण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी साफ करावी. जोडल्यावर प्रथम बंद स्थितीत गळती पाहावी. नंतर नायट्रसची बाटली बंदच ठेवून, इंजिनापासून दूर, सुरक्षित भांड्यात पेट्रोल वाहतं करावं आणि वाहत असताना दाब मोजावा. गुंडाळीला मात्र फार वेळ वीज देऊ नये, ती तापते.

यातला ‘वाहत असताना’ हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ लोक बटण दाबतात, ‘टिक’ ऐकतात आणि समाधानाने मान डोलावतात. टिक म्हणजे प्लंजर हलला, एवढंच सिद्ध होतं. पेट्रोल पोचलं हे सिद्ध होत नाही. जाळी तुंबली असेल तरी टिक येतेच. स्थिर दाबही फसवतो, कारण तुंबलेल्या नळीतसुद्धा वाहणं थांबलं की काटा पूर्ण वर जातो. खूण आणि ती ज्याची खूण आहे ती गोष्ट, यांतला फरक आम्ही वर्गात चाळीस मिनिटं फळ्यावर शिकवायचो. इथे तो विसरणाऱ्याला पिस्टन शिकवतो.

‘देखभाल’ या शब्दातच देखणं आहे. आपण वस्तूकडे पाहतो ती बहुधा बिघडल्यावर. देखभाल म्हणजे ती बिघडण्याआधी पाहणं, आणि जिचा गाजावाजा होत नाही तिच्याकडे आधी पाहणं. वेल्स यांच्या पिशवीकडे त्या दिवशी कुणी तसं पाहिलं असतं, तर दंतवैद्यकाचा इतिहास कदाचित वेगळा लिहिला गेला असता. इथे थांबतो.